मासा येईपर्यंत

कोपरीच्या आपल्या गल्लीत पहिलं इंटरनेट आपल्याच घरी आलं, हे भिवाजीने भेटेल त्याला ऐकवलं. नव्व्याण्णव साल होतं. त्याच्या बारावीतल्या मुलीला, मंजुळाला, पुढे समुद्राचं शिक्षण घ्यायचं होतं आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी खोल समुद्रातल्या एका माशाचं चित्र हवं होतं. "जगातली सगळी पुस्तकं आता फोनच्या वायरीतून घरात येणार," भिवाजी म्हणायचा. त्याचा जन्म खाडीत मासे पकडण्यात गेला होता. पोरीने खाडीपलीकडचं पाणी बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

रविवारी सकाळी त्याने शेजारच्या काळुरामलाही बोलावलं. मॉडेम किंचाळला, खरखरला आणि चित्र उतरायला लागलं. वरून खाली, एकेक रेघ. काळी रेघ. तिच्याखाली काळीच. चहा झाला, परत चहा झाला. एवढा काळोख लाइट गेल्यावर फुकट दिसतो, असं काळुराम म्हणाला. तिथे खाली अंधारच असतो, मासा स्वतःचा दिवा घेऊन फिरतो, असं मंजुळाने समजावलं. भिवाजीला ते भलतंच आवडलं.

तेवढ्यात त्याच्या बायकोने, सरस्वतीने, आतला फोन उचलला आणि लाइन तुटली. भिवाजीची मोठी बहीण रखमाताई खडवलीला आजारी होती, तिची चौकशी करायची होती. दुपारी कर, असं म्हणून भिवाजीने चित्र पहिल्या रेघेपासून लावायला लावलं. मग काळुरामची बायको माहेरी फोन करायला आली आणि पुन्हा सगळं मुसळ केरात. शेवटी भिवाजी फोनच मांडीवर घेऊन बसला, तान्ह्या पोरासारखा. कुणाला हात लावू देईना.

दुपार कलली तेव्हा काळ्या पडद्यावर निळसर ठिपका उमटला. त्याखाली दातांची रांग. अख्खं घर पुढे झुकलं. भिवाजीचे डोळे भरून आले.

दारात रखमाताईचा मुलगा उत्तम उभा होता, घामाने भिजलेला. सकाळपासून फोन लावतोय, सारखा एंगेज, एवढं बोलून तो खालीच बसला.

"मामा, आई गेली."

खडवलीला जाताना उत्तमने सगळं सांगितलं. रखमाताईला एकदा भावाचा आवाज ऐकायचा होता. फोन लागला नाही की म्हणायची, "असू दे रे. कुणाशी महत्त्वाचं बोलत असेल. त्याचं झालं की लाव."

माझ्यामुळे झालं, मला नाही शिकायचं, म्हणून मंजुळा हुंदके देऊ लागली. भिवाजीने तिला जवळ घेतलं. "तू शिकायचंस. वायर बारीक होती, बाय. तुझी चूक नाय."

खडवलीला अंगणात माणसं जमली होती. रखमाताईच्या म्हाताऱ्या जावेने त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "दिवसभर कुणाशी बोलत होतास रे, भिवा?"



"बोलत नव्हतो," भिवाजी म्हणाला. "मासा बघत होतो."