मोहिते सरांची नोंद

शिकाऊ समुपदेशक म्हणून लिहिलेली माझी पहिली नोंद मोहिते सरांकडून परत आली, तेव्हा पानभर मजकुरातले चारच शब्द शिल्लक होते. 'बाई आल्या. पाणी मागितलं.' बाकी सगळ्यावर लाल पेन्सिल फिरलेली.

"खिन्न, चिंताग्रस्त, असहकारी... अगं, एवढी विशेषणं लग्नपत्रिकेत बी नसत्यात!"

सर साताऱ्याकडचे. चोवीस वर्षं फौजेत काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बसून मानसशास्त्रात एम.ए. झाले. सांगलीतल्या आमच्या समुपदेशन केंद्रात त्यांची एक खोली होती. भेटीला आलेला माणूस बाहेर पडला की सर आतून कडी लावून लिहायला बसत. मग दाराशी केंद्रप्रमुख का उभे असेनात.

"मानूस जिना उतरायच्या आत लिवायचं पोरी. उशीर केला की आपुन त्यात आपलं मिसळतो."

पानाच्या मधोमध एक रेघ. वर त्या माणसाचे शब्द, जसेच्या तसे. खाली सरांना काय वाटलं ते. त्याला ते 'आपलं शहाणपण' म्हणत. वरचा भाग भरगच्च असे आणि खाली बऱ्याचदा एवढंच, 'अजून कळलं नाही.' एवढ्या अनुभवी माणसानं असं लिहावं याचं मला आधी हसू यायचं.

जत तालुक्यातला एक मेंढपाळ त्यांच्याकडे दर बुधवारी यायचा. त्याची तरणी लेक साप चावून गेली होती, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. दोन महिने आला आणि मग यायचा थांबला. महिन्याभरानं त्याची बायको एकटीच आली. नवरा छातीत कळ येऊन गेला, म्हणाली.

सरांनी मला थांबायची खूण केली.

"सायेब, त्येंच्या वहीत माजं काय लिवलंय?"

"बाई, ते कुनाला सांगता येत न्हाई. तसा नेमच हाय."

"मला वही नगं. त्येंचा माज्यावर राग हुता का, तेवढं सांगा. लेकीला शेणी आनाय मीच धाडलं हुतं. त्या गवऱ्यांच्या ढिगातच साप हुता. तवापासनं आमी दोगं बोललोच न्हाई."

सर मग उठले, कपाट उघडलं, फाईल काढली. रेघेच्या वरची एकच ओळ त्यांनी वाचली.

"'शेणी आनाय मी जायाला पायजे हुतं. आता बायकूम्होरं कुठल्या तोंडानं बसू?'"

बाईंनी ती ओळ तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा सरांनी पानाकडं न बघताच ती म्हटली. बाई पदरात तोंड घालून रडल्या.

त्या जिना उतरल्यावर मी चाचरत म्हटलं, "सर, हे नियमात..."

"बसत न्हाई. ठाऊक हाय." त्यांनी त्याच फाईलमध्ये लिहिलं : कुणाला, काय आणि का वाचून दाखवलं. खाली सही केली. "उद्या प्रमुखांना म्याच दाखवतो." आणि बाईंना जतची गाडी दाखवायला ते स्टँडवर गेले.

तासाभरानं परत आले. टेबलाशी बसून राहिले. मी चहा पुढं केला.

"माझी बायको गेली तवा मी सीमेवर हुतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "शेवटी शेवटी एका डॉक्टरांकडं जायाची, बोलायला. मी सुट्टीवर आलो तवर तो दवाखाना बंद झालेला, कागद रद्दीत गेलेले. ती काय बोलायची, कुनाला इचारू?"



"त्या बाईंना स्टँडवर हेच सांगितलं. गाडीत चढताना त्यांनी इचारलं, मालकीनबाईंचं नाव काय? सुमन, म्हनलं." कप बाजूला सारत ते म्हणाले, "लय वर्सं झाली गं. घरात कुनी न्हाई, नाव घ्यायचं तरी कुनाजवळ?"

चहावर साय धरली होती. "सुमन," सर पुन्हा एकदा म्हणाले, आणि मी उठून आतून कडी लावली नि त्यांच्यासमोर येऊन बसले.