न हलण्याची शिकवणी

इन्स्पेक्टर येणार म्हटलं की वर्ग तयार करायचा, हे गुरुजींच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. त्यामुळे लेकीने "मंगळवारी भिंगरीला मानसतज्ज्ञांकडे न्यायचंय, ती किती वेळ बसते, कसं लक्ष देते ते बघणार आहेत," असं सांगताच निवृत्त गुरुजींच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. भिंगरी म्हणजे त्यांची नात. तिला स्वस्थ बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. जेवतानाही तिचा एक पाय खुर्चीवर आणि दुसरा प्रवासात असे.

"लक्ष टिकत नाही तो त्रास, एडीएचडी, आहे का ते तपासायचंय, बाबा," लेक म्हणाली. "रिपोर्ट मिळाला तर शाळा परीक्षेत जास्तीचा वेळ देईल. सगळं येत असून अर्धा पेपर कोरा सोडते, आणि घरी येऊन 'मी ढ आहे' म्हणून रडते. किती महिन्यांनी नंबर लागलाय!"

"तू काळजीच करू नकोस. माझ्या हाताखालचं पोर आजवर कुठल्या तपासणीत मागे पडलेलं नाही."

लेक घाईत होती. किल्ल्या घ्यायला एकदा आणि डबा घ्यायला एकदा परत आली, आणि निघून गेली. बापाच्या बोलण्याकडे तिने लक्ष दिलं नाही, आणि तिथंच माशी शिंकली.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवणी सुरू झाली. याच टेबलाशी गुरुजींनी आपल्या लेकीला शिकवलं होतं. तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या आणि पाय जमिनीला पुरत नव्हते. 'मुलगी वर्गात चुळबुळ करते' अशा तक्रारी येत. गुरुजींची पत्नी ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता म्हणे, "अहो, पोर आहे ते, पुतळा नाही." पण गुरुजींनी आठवड्याभरात पुतळा करून दाखवला होता. पुन्हा तक्रार म्हणून आली नाही. पत्नी गेली, वेण्या गेल्या. त्या सगळ्या संध्याकाळी मात्र गुरुजींनी मनात जपून ठेवल्या होत्या. शाळेत शेकडो पोरं शिकवली, पण इतका आनंद त्यांना दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता.

"हात मांडीवर," गुरुजींनी नातीला शिकवलं. "नजर समोरच्याच्या कपाळावर. हलावंसं वाटलं की बुटात अंगठा दाबायचा, बाहेरून काही दिसत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर मनात आकडे मोजायचे."

"आणि नाक खाजलं तर?"

"खाजू द्यायचं. आईला सांगू नकोस हं, गंमत करू."

मंगळवारी मानसतज्ज्ञ बाई बराच वेळ भिंगरीला आत घेऊन बसल्या. मग त्यांनी बाहेर थांबलेल्या गुरुजींना आणि लेकीला आत बोलावलं.

"फारच शांत बसली हो," त्या बुचकळ्यात पडून म्हणाल्या. "हात नाही, पाय नाही. पापणीसुद्धा विचारून हलवत होती."

गुरुजींची छाती फुगली. लेकीचा चेहरा पडला.

"आमची? शांत?" तिने वळून पाहिलं. "बाबा, तुम्ही काय केलंत?"

"थोडी तयारी करून घेतली. एकदम पहिला नंबर!"

"अहो, इथं पहिला नंबर नको होता! जशी आहे तशी दिसायला हवी होती! आता पुन्हा किती महिने थांबायचं?"

गुरुजींचा फुगा फुटला. जन्मभर कॉपी पकडणारा माणूस खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, ही कॉपी झाली. पोरीचा दोष नाही." आणि नातीकडे वळून ते कळवळून म्हणाले, "भिंगरे, सुटली गं शाळा!"

एवढंच हवं होतं. मघापासून साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. गोल फिरणारी खुर्ची गरगरली, गुडघा टेबलाला लागला, पेन्सिलींचा डबा उलटला, तो धरायला जाताना पडदा हातात आला आणि पाठोपाठ त्याचा दांडाही. गुरुजी दांडा धरायला धावले आणि पेन्सिलींवरून घसरून खुर्चीत बसते झाले. खुर्ची त्यांनाही घेऊन एक फेरी मारून आली.

बाई मात्र शांतपणे जमिनीवर बसून पेन्सिली वेचत होत्या. "बाळा, मघाशी मी तुला एक गोष्ट वाचून दाखवली. कशाची होती?"

"गोष्ट?" भिंगरीने डोळे मोठे केले. "कधी? मी तर अंगठा दाबत होते. सगळं लक्ष त्यातच लागतं ना!"

बाईंचा हात थांबला. "म्हणून त्या गोष्टीवरच्या प्रश्नांची उत्तरं कोरी होय! नुसतं बसायलाच सगळं लक्ष खर्ची पडलं, तर ऐकायला काय उरणार? हे रिपोर्टमध्ये येईल. वर्गातही असंच होतं का, ते तिच्या बाईंना विचारते."

"मलाही मीटिंगमध्ये काही ऐकू येत नाही," लेक हळूच म्हणाली. "मला वाटायचं, सगळेच अंगठा दाबून बसतात."

गुरुजींनी लेकीच्या बंद बुटांकडे पाहिलं.

"तू तर शांत झाली होतीस गं," ते कसेबसे म्हणाले.

"झाले होते की." तिच्या आवाजात राग नव्हता. "पण त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या, बाबा. दिवसभर तुम्ही सगळ्या शाळेचे. तेवढा वेळ माझ्या एकटीचे. म्हणून तर शिकले."

गुरुजींना भरून आलं. आपण जे इतकी वर्षं जपलं, ते लेकीनेही जपलं होतं; फक्त त्याची किंमत तिने एकटीने मोजली होती.

"पुढच्या आठवड्यात मी वेळ काढते, तुम्हीही तपासून घ्यायला या," बाई लेकीला म्हणाल्या. "आणि गुरुजी, तयारी नको."

बाहेर पडताच भिंगरी जिन्यावरून उड्या मारत सुटली. "सावकाश!" म्हणायला गुरुजींनी सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात खांद्यावरची पर्स सावरत त्यांची लेकही दोन-दोन पायऱ्या गाळत तिच्यामागे धावली. गुरुजींनी तोंड मिटलं आणि कठड्याला धरून ते त्या दोघींना डोळे भरून पाहत राहिले.