आधी नमुना, मग नाव

माझ्या नातवाच्या बारशाला बाळ आतल्या खोलीत दूध पीत होतं. त्याच्या आत्याला धीर निघेना. तिने पाहुण्यांना नाव सांगायला तोंड उघडलं. मागून आवाज आला, "थांबा! नमुना कुठाय?"

हे आमचे दामले सर. पार्ल्यात आमच्या समोरच्या दाराआड एकटेच राहतात. कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायचे.

आमच्याकडे आले की फळीवरचे डबे उघडून बघायचे. "वहिनी, डब्यावर 'साखर', आत मीठ! हा गुन्हा आहे."

"सर, घर माझं आहे. आत काय आहे ते मला माहितीय."

"आणि तुम्ही गावाला गेलात की?"

मी गावाला गेले होते तेव्हा आमच्या ह्यांनी चहात मीठ घातलं होतं. पण ते मी सरांना सांगितलं नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास जगभरातल्या जंतूंच्या नावांची झाडाझडती झाली. एकेका जंतूला चार-चार नावं, काही नावांना तर जंतूच नाही. शेवटी नवी यादी निघाली. तिच्यात नसलेलं नाव बाद. परत हवं असेल तर जिवंत नमुना दाखवा. सर तर लग्नघरातल्यासारखे खूश. "कचरा गेला, वहिनी!"

आठवड्याने बघते तर चेहरा उतरलेला. सरांनी जन्मात एकाच जंतूला नाव दिलं होतं आणि तेही कचऱ्याबरोबर गेलं होतं. तरुणपणी खारदांड्याच्या कोळीवाड्यात खारवलेल्या मासळीवर त्यांना एक गुलाबी जंतू सापडला होता. त्याचं नाव त्यांनी 'रेवा'वरून ठेवलं होतं. काचेची नळी कपाटात जपलेली होती, पण आतला जंतू कधीच मेला होता.

त्यांचा जुना विद्यार्थी राणे म्हणाला, "सर, दांड्याहून दुसरा गुलाबी आणतो ना. हाच तो म्हणून पाठवून द्या. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," सर म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, "ही रेवा कोण हो?"

"आमची मुलगी. बायकोने नाव आधीच ठरवलं होतं. बारशापर्यंत राहिली नाही." चष्मा पुसत म्हणाले, "नियम बरोबरच आहे, वहिनी. बाद झालेलं नाव मोकळं होतं. नव्या नमुन्याला कुणीही देऊ शकतं."

मी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

पुढच्या वर्षी मला नात झाली. नावावरून घरात वाद चालले होते. मी 'रेवा' सुचवलं. ते कुठून आलं तेही सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "छान आहे. छोटंसं." मग सरांच्याही कानावर घातलं.

बारशाला त्यांना पुढेच बसवलं. आत्या पाळण्याशी वाकली. मीच म्हटलं, "सर, आज नमुना नाही मागायचा?" आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

बाळाने लगेच त्यांची इस्त्रीची पँट ओली केली. मी टॉवेल आणायला धावले.

"राहू दे, वहिनी," सर म्हणाले. जागचे हललेसुद्धा नाहीत. "नमुना जिवंत आहे. ठेवा नाव."