भोंग्याला लागलेलं कुंकू

त्या वर्षी घरात दसरा नव्हताच. राजपालदादाला जाऊन तीनच महिने झाले होते. पण सोमलाच्या मनात आलं, दादाच्या भोंग्याची तरी पूजा करावी. (मनात आलं की करून मोकळं व्हायचं, मधे विचाराला थांबायचं नाही, ही सोमलाची जुनी सवय.)

मोटरसायकलवर सीताफळाच्या टोपल्या, पुढं भोंगा आणि त्यात भरलेला दादाचा आवाज : "सीताफळ घ्या वो माय, साखरेवानी गोड!" दादा गेला, पण त्याचा आवाज रोज आसेगावात धंदा करत होता.

भोंग्याला दोन बटणं. रिपीट दाबलं की तेच पुन्हा ऐकू येणार, रेकॉर्ड दाबलं की जुनं पुसून नवं भरणार. सोमलाला दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे वाटत. म्हणून दादानं रिपीटवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. सोमलानं भक्तिभावानं दोन्ही बटणं कुंकवानं माखली.

दुसऱ्या दिवशी आसेगावच्या चौकात त्यानं एक लाल बटण दाबलं. भोंगा गप्प.

"वयनी, हा बोलून नाही राह्यला!"

"काहून बोलंल? दिवसभर वरडवता त्याले," टोपली उतरवत संगीतावहिनी म्हणाली.

"दादा असता तं..."

"ते असते तं कालचे फळं खाली दडवू देले नसते तुमाले."

"हळू बोला! परवाचे हायेत ते!"

चिडून त्यानं दुसरं बटण दाबलं. भोंग्यानं मघाचं सगळं बोलणं ऐकवलं आणि शेवटी चौकभर गरजला : "हळू बोला! परवाचे हायेत ते!"

चौक पोट धरून हसला. सोमला मात्र मटकन खाली बसला. "वयनी, म्या दादाले पुसलं वो!" आणि हमसून रडू लागला.

वहिनीनं मोबाईल काढून त्याच्या कानाला लावला. "सीताफळ घ्या वो माय..."

दादा!

"भोंगा तुमच्या हाती आला, त्याच दिवशी त्यायचा आवाज मोबाईलात भरून ठेवला. मले धाकच होता."

सोमलानं नाक पुसलं. "द्या, पुन्हा भोंग्यात भरतो."

"थांबा." चौकातल्या बाया टोपलीभोवती जमल्या होत्या. "खरं बोलनारा भोंगा पह्यल्यांदाच आयकला," म्हणत गोमतीबाई वरची ताजी फळं निवडत होती.

"त्यायचा आवाज घरी राहू द्या," वहिनी म्हणाली. "गावात तुमचाच चालते."

आता दुरून भोंगा ऐकू आला की गोमतीबाई सुनेला हाक मारते, "चाल वो, शिळा आला!"