मायच्या न्हाणीचं दार

लच्छू मिस्त्रीने नव्या न्हाणीच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतलं आणि सगळे कोपऱ्यातल्या जाळीकडे बघू लागले. पाणी जाळीकडे गेलं नाही. ते जरा वेळ जागीच थांबलं, मग वळलं, दारातून बाहेर आलं आणि शेजारच्या खोलीत पलंगाखाली शिरलं.

"नवीन हाय," लच्छू म्हणाला. "पान्याले वाट मालूम व्हाले जराक टाइम लागते."

दुसरी बादली ओतली. तीही पलंगाखाली गेली. पाण्याला वाट चांगलीच मालूम झालेली होती.

हा पलंग हरिदासच्या आईसाठी टाकला होता. हरिदास मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो, आणि मिलमागच्या लेआऊटमध्ये त्याने दोन वर्षांपूर्वी घर बांधलं. आई मनकर्णाबाई गोंडपिपरीकडच्या गावात एकटी राहायची. वय शहात्तर, गुडघे कामातून गेलेले. हरिदास बोलावून बोलावून थकला. भीमजयंतीला ती एकदा आली, दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाली, "मले बसमदे बसवून दे. तुमच्या न्हाणीत मले भेव वाटते."

कशाचं भेव, हे हरिदासने विचारलं नाही. आपल्याकडच्या पुरुषांना विचारण्यापेक्षा बांधणं सोपं वाटतं. घरातली न्हाणी लांब आहे, अंधारी आहे, फरशी गुळगुळीत आहे, असा हिशेब त्याने स्वतःच केला. आईच्या खोलीला लागून नवी न्हाणी काढली, खरबरीत टाईल्स लावल्या, भिंतीला धरायला दांडा ठोकला. मग फोन केला. आई म्हणाली, "बरं, रविवारी येते. चार दिवस पाहीन. जमलं त राहीन, नाई त पुन्हा मले बलावू नको."

आज गुरुवार होता.

"फरशी काढून पुन्हा बसवतो," लच्छू म्हणाला. "पाच दिवस लागन."

त्या चार दिवसांत दिला गेलेला हा एकमेव बरोबर सल्ला. पण तो ज्याने घोळ केला त्याच्याच तोंडून आल्यामुळे कोणी मनावर घेतला नाही. हरिदास रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि इथेच चुकला. त्या लेआऊटमध्ये बावीस घरं होती. बावीसही मालकांना एकेका मिस्त्रीने एकदा तरी फसवलं होतं, म्हणून बावीसही जण बांधकामातले जाणकार होते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या म्हणीचा पहिला अर्धा भाग हरिदासला फार चांगला जमायचा.

"जयभीम हरिदास. तोंड काऊन उतरलं?" समोरच्या घरातले देवरावभाऊ आलेच. देवरावभाऊंनी घुग्घुसला सिमेंट कारखान्यात तीस वर्षं काढली होती. तिथे ते फाटकावर ट्रकांचे नंबर लिहीत. पण "तीस वर्ष सिमेंटमदे होतो" म्हटल्यावर पुढचं कोण विचारतो.

त्यांनी न्हाणीत उकिडवं बसून फरशीवर हात फिरवला. "फोडूगिडू नको. पानी बाहेर येते ना? मंग त्याले येऊच देऊ नको. दारात चार इंचाचा उंबरठा घाल."

संध्याकाळपर्यंत उंबरठा झाला. शुक्रवारी सकाळी पुन्हा बादली ओतली. पाणी बाहेर आलं नाही. ते दुसरीकडेही कुठे गेलं नाही. उंबरठ्याला टेकून शांत उभं राहिलं. हरिदासची बायको रिना डोकावून म्हणाली, "आता धानाचे पऱ्हे आना. रोवना करून टाकू."

रिनाला घरात कोणी सल्ला विचारत नव्हतं. ती सकाळपासून पलंगाखालचं पाणी पुसत होती आणि पुसणाऱ्या माणसाला मत असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

"सोपं हाय," पवनसर म्हणाले. हे शाळेत गणित शिकवत. मागच्या वर्षी त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून स्वतःचं घर बांधून घेतलं होतं. "पानी जिथं साचून राह्यलं, तिथंच बाहेरच्या भिंतीले भोक पाडाचं. विषय संपला."

भोक पाडलं. पाणी भसाभस बाहेर गेलं आणि शेजारच्या चंदाबाईंच्या केळीत पडलं. चंदाबाई तिथेच उभ्या होत्या. हरिदास हात जोडून माफी मागायला धावला.

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "केळीले पानी होतेच पायजे. साबन कोनता लावते तुमची माय?"

"मायले साबन आवडत नाई. दगडानं आंग घासते."

"मंग येऊ द्या."

पाण्याचा प्रश्न असा सुटला. हरिदासने इथेच हात धुतले असते तर सांगण्यासारखं काही उरलंही नसतं. पण उंबरठा चार इंच वर आल्यामुळे दार बसेना. प्लास्टिकचं नवंकोरं दार, निळं, वर कमळाचं चित्र. ते खालून कापायला हवं होतं.

"चार इंच काप," देवरावभाऊ म्हणाले.

"पाच काप," पवनसर म्हणाले. "पावसाळ्यात दार घासते."

दोघांचं अर्धा तास चाललं. नंतर दोघं चहाला गेले. लच्छू साधा माणूस होता, त्याला कोणाचंच मन मोडवत नसे. परत येऊन बघतात तर दार नऊ इंच कापलेलं.

"हे काय केलं बे?" हरिदास म्हणाला.

"चार देवरावभाऊचे, पाच सरचे," लच्छू म्हणाला. "भाऊ, मी कोनाले नाई म्हनत नाई."

दार लावून पाहिलं. खालून पाच इंच फट राहिली. आत उभ्या लच्छूचे पाय घोट्याच्या वरपर्यंत दिसत होते. हरिदास मटकन पलंगावर बसला. आई इतकी लाजाळू, की गावी अंगणातल्या न्हाणीला तिने चारही बाजूंनी बांबूचा तट्टा लावून घेतलेला. ही फट बघितली की ती आल्या पावली परत जाईल, आणि पुन्हा कधी येणार नाही. त्याला खरोखर रडू आलं.

"काऊन एवढं मनाले लावून घेता?" चंदाबाई म्हणाल्या. त्या केळीचं पाणी बघायला आल्या होत्या, त्या आता न्हाणीच बघत होत्या. "दार खाली सरकवा. फट वर जाईन. वरून कोन पाह्यते?"

हे सगळ्यांना पटलं. शनिवारी बिजागऱ्या काढून खाली लावल्या. फट वर गेली. पण दाराबरोबर कडीही खाली गेली आणि तिचं चौकटीतलं भोक वरच राहिलं. म्हणजे नवं भोक पाडणं आलं. देवरावभाऊंनी घरून ड्रिल आणलं, आणि माझ्या मशीनला दुसऱ्याने हात लावायचा नाही म्हणून स्वतःच धरलं.

"भाऊ, जराक हळू," लच्छू म्हणाला. "तिथून पाईप..."

"तीस वर्ष..." देवरावभाऊ म्हणाले, आणि त्यांचं पुढचं वाक्य पाण्यात गेलं. चौकटीमागचा पाईप फुटला होता. पाण्याची धार आधी त्यांच्या तोंडावर, मग पवनसरांच्या मोबाईलवर आणि शेवटी पलंगावरच्या नव्या गादीवर पोचली. वरच्या टाकीचा कॉक सापडेपर्यंत टाकी रिकामी झाली होती.

पाईप जोडण्यासाठी चौकटीलगतची भिंत फोडावी लागली. भिंत फोडल्यावर चौकट हलू लागली. लच्छूने संध्याकाळपर्यंत पाईप जोडला, भिंत बुजवली आणि सांगितलं, "आता दोन दिवस दाराले हात लावू नका. वजनानं चौकट बाहेर येईन."

"दार तसंच राहू द्या, टेका लावा," देवरावभाऊ म्हणाले.

"काढून ठेवा," पवनसर म्हणाले.

"अर्धं काढा," चंदाबाई म्हणाल्या. त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही, पण त्यावरही चर्चा झाली.

रविवारी सकाळी हरिदास आईला आणायला बसस्टँडवर गेला तेव्हा हे तिघं आणि लच्छू न्हाणीसमोर उभे होते आणि निर्णय व्हायचाच होता. रिना पेचकस घेऊन आली. तिने कोणाला काही विचारलं नाही. बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू काढले, दार उचललं आणि मागच्या भिंतीला नेऊन उभं केलं. मग चौकटीच्या वर दोरी बांधली आणि जाड, गडद हिरवी चादर दुमडून खालपर्यंत सोडली.

"हे काई बरोबर नाई," पवनसर म्हणाले.

"सर, बाजूले व्हा," रिना म्हणाली. "फरशी पुसून राह्यली मी."

मनकर्णाबाई आल्या. प्रवासाने अंग आंबलं होतं. "पयले आंग धुते," म्हणाल्या आणि पडदा सारून आत गेल्या. बाहेरच्या खोलीत पाच माणसं चहा पुढ्यात घेऊन बसली. कोणी कप उचलला नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता. हरिदास टीव्हीवरच्या बुद्धाच्या मूर्तीकडे बघत होता आणि संध्याकाळची बस किती वाजता असते ते आठवत होता.

वीस मिनिटांनी मनकर्णाबाई धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आल्या. सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"न्हानीचं दार कोनं काढलं?"

"लच्छूनं कापलं ते," देवरावभाऊ लगेच म्हणाले.

"मले सरनं पाच इंच सांगतले," लच्छू म्हणाला.

"पाईप माझ्यानं नाई फुटला," पवनसर म्हणाले.

चंदाबाई म्हणाल्या की त्या फक्त केळीपुरत्या आल्या होत्या.

"मी काय इचारून राह्यली?" मनकर्णाबाई खुर्चीत बसल्या. "ज्यानं काढलं त्याले अक्कल हाय. आतून कडी लावली अन् पाय सरकून पडली, त मले कोन काढन? तुमी येऊन दार फोडत बसान, मी तिथी वस्त्राबिगर पडून राहीन. ह्याच भेवानं मी येत नवती. आता राह्यते मी इथीच."

हरिदासचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसलेही नाहीत. तेव्हाच एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं, हे त्याला कळलं आणि लाजही वाटली.

"मी पयल्याच दिवशी म्हटलं होतं," देवरावभाऊ चहा उचलत म्हणाले, "म्हाताऱ्या मानसाले दार कायले पायजे."

"आजकाल वृद्धांच्या बाथरूमले दार ठेवतच नाई," पवनसर म्हणाले. "व्हिडिओ हाय माझ्याजवळ. मोबाईल सुकला की दाखवतो."

"म्हनून त मी नऊ इंच कापलं," लच्छू म्हणाला. "हळूहळू काढतच होतो."

मनकर्णाबाईंनी तिघांचंही ऐकून घेतलं. मग घरभर एक नजर फिरवली, घरात राहायला आलेल्या माणसाची.

"हरिदास, आता मी इथी हावो, त एक सांगते. त्या दुसऱ्या न्हानीचंबी दार काढून टाक. रिनाचंबी वय होऊन राह्यलं."

मग देवरावभाऊ उठले, पवनसर उठले, आणि लच्छूने खिशातून टेप काढून विचारलं, "पूर्न काढू की कापू?"

रिनाने पेचकस आधी तांदळाच्या कोठीत खोल खुपसला, आणि मग सासूबाईंसाठी चहा ठेवला.