रंगाचा दोष, गिलाव्याचा नव्हे

चारकोपच्या आमच्या सोसायटीतील परबकाका भेटेल त्याच्या गालावर कडेने टॉर्च का मारतात, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले.

एकटे राहणारे काका पूर्वी बांधकामांवर सुपरवायझर होते. गिलावा तपासताना दिवा भिंतीसमोर नव्हे, भिंतीला लागून धरतात. म्हणजे प्रत्येक उंचसखल जागेची सावली पडते. निवृत्तीनंतर भिंती संपल्या, तेव्हा काकांनी माणसे तपासायला घेतली. "थांब रे," म्हणून ते लिफ्टमध्ये मुरमांचे डाग असलेल्या तरुणांना अडवतात. "सावली नाही. रंगाचा दोष आहे, गिलाव्याचा नाही. जा." सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना मात्र "इथे पुट्टी लागेल" असे सांगितल्यापासून त्या जिन्याने जातात.

त्यांचे म्हणणे मी पडताळले. मुरूम गेल्यावर उरणारा काळसर डाग सपाट असतो; उन्हापासून जपल्यास तो बहुधा काही महिन्यांत फिकट होतो. खड्डा पडतो तिथे आतली त्वचाच कमी झालेली असते. तो घरगुती लेपाने भरत नाही; त्याला त्वचेचे डॉक्टर लागतात, आणि तेही आधी नवे मुरूम थांबवतात. काकांच्या शब्दांत, "गळती बंद केल्याशिवाय पुट्टी नाही."

माझी सोळा वर्षांची मुलगी सई तेव्हा मुरमांच्या डागांपायी महिनाभर कॉलेजला गेली नव्हती. लिंबू चोळून चोळून तिने गालांची आग करून घेतली होती. "आता हे असंच राहणार," एवढेच ती म्हणे. शेवटी मी काकांना बोलावले.

त्यांनी टॉर्च धरून दोन्ही गाल सावकाश पाहिले. "दोन जागी गिलावा गेलाय गो. त्या डॉक्टरला दाखव. बाकी नुसता रंग. आणि लिंबू बंद. आम्ही भिंतसुद्धा लिंबाने धूत नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?"

काकांनी टॉर्च तिच्या हाती दिली आणि स्वतःचा खड्ड्यांनी भरलेला गाल पुढे केला. "मग इथे मार. फरक बघ. हात लावून बघ."

सईने बोट टेकवले. "दुखतं का हो?"

"नाही." काकांनी डोळे मिटले. "पण राहू दे जरा. आई गेल्यापासून या गालाला कुणी हात लावला नव्हता."

सोमवारी सई आधी डॉक्टरांकडे गेली, मग वर्गात.

माझ्या शब्दावर मात्र विसंबू नका. आरशासमोर उभे राहून, टॉर्च गालाच्या कडेने धरून स्वतः पाहा, आणि शंका उरली तर डॉक्टरांना विचारा.