माहेरच्या सफरचंदास ताण दिला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन आणि झाडाझुडपांस नमस्कार करोन लिहिले ऐसे जे, शके सत्राशे दोन, शार्वरीनाम संवत्सरी, पौषमासी, एका उष्ण मुलखातील राज्यावर मोठे संकट आले. राज्य म्हणावे तर दीड गुंठ्याची बाग, आणि मध्ये सफरचंदाचे एकच झाड. राणीसाहेब सगुणाबाई यांणी माहेराहून ओल्या फडक्यात काडी आणोन तिचे कलम बांधविले होते. मग माहेरचे मूळ झाड वादळात पडले आणि ती जात या एका खोडात उरली. परंतु सात वर्षे फळ नाही. तेव्हा राजे त्र्यंबकराव संतापले आणि हुकूम जाहला की, होळीपर्यंत फूल न दिसल्यास झाड होळीत जाईल आणि जागी लिंबू लागेल.

मग राणीसाहेबांनी दुर्गोजी माळी यांस पाचारिले. त्यांणी अर्ज केला की, येथे थंडी पडत नाही, झाड निजतच नाही, तर फुलेल कैसे. पाने ओरबाडावी, चाळीस दिवस थेंब देऊ नये, ताण बसला म्हणजे मग पाणी सोडावे. पाने उतरली आणि झाड उघडेबोडके जाहले. राणीसाहेबांस बघवेना. आणि त्या घराण्याचा रिवाज ऐसा की, देवांच्या स्नानाचे पाणी पायदळी येऊ नये, झाडाच्या बुंध्याशी घालावे. मग राणीसाहेब रोज पूजा आटोपोन तांब्याभर तीर्थ तेथेच घालीत आणि मनास समजावीत की, हे काही पाणी नव्हे. विसावे दिवशी झाडास लुसलुशीत पाने फुटली. दुर्गोजींनी माती उकरली तो खाली ओल, आणि हाती गंधाक्षता आल्या. राजे गरजले की, माळी लबाड आहे, यास हद्दपार करा. तेव्हा राणीसाहेब पुढे जाहल्या.

"पाणी आम्ही घातले. माळ्याचा गुन्हा नाही."

दुर्गोजी खाली बघोन बोलिले, "बाईसाहेब, देवाचं पाणी बी पाणीच की. आता दुसरा ताण झाड सोसंल का, मला सांगवत न्हाई."

मग राणीसाहेबांनी स्वहस्ते पाने ओरबाडली आणि तीर्थ शेजारच्या केळीस जाऊ लागले. साल सुरकुतली, शेंड्याच्या काड्या कटकन मोडू लागल्या. खरे सांगतो, लिहिणाराने आशा सोडिली होती. चाळीस दिवस भरले, पाणी सोडिले, आणि होळीचे सकाळी काड्यांवर तीन डोळे, म्हणजे मिटले कोंब, फुगलेले दिसले. राजे कुऱ्हाड घेवोन आले आणि म्हणाले, ही पानेच. दुर्गोजी म्हणाले, फूल आहे. राजे ऐकेनात. मग, त्यातच एकुलते फळ असले तर, ऐसा विचार मनी येवोनही राणीसाहेबांनी नखाने एक डोळा फोडिला. आत गुलाबी कळ्या निघाल्या. राजांनी कुऱ्हाड खाली ठेविली.

उरल्या दोहोंपैकी एक वाऱ्याने झडला. दुसऱ्यास एकच फळ धरले, ते आषाढात उतरविले आणि दोन फोडी केल्या. राजांनी चावा घेतला आणि तोंड वाकडे जाहले.

"आंबट ढाण आहे हे. याजसाठी इतका खटाटोप?"

राणीसाहेबांचे डोळे भरोन वाहू लागले.

"आमच्या घरी असेच होते," म्हणाल्या, आणि राजांची फोडही उचलोन त्यांणीच खाल्ली.

एवंच, झाड राहिले, माळी राहिला, लिंबू वेशीबाहेर गेले. राजांनी पुन्हा ते फळ मागितले नाही. बाकी सर्व कुशल.